घरीं केलेली तरंगफळी

सुटी लागली म्हणजे घरांतील वडील मंडळींपुढें, व विशेषतः गृहिणींपुढें, एक प्रश्न दरवर्षीं नव्यानें उभा राहतो. चुलत, मावस, आते-मामे अशीं आठ-दहा मुलें एका छपराखालीं जमलीं, आंबे खाऊन झाले, पत्ते पिसून झाले, आतां पुढें काय? हाताला काम व डोक्याला खाद्य देणाऱ्या घरगुती उद्योगांविषयीं या सदरांत आम्हीं वेळोवेळीं लिहीत असतों. या खेपेस जो उद्योग निवडला आहे त्याचें नांव ऐकून आमचे नांदेड-लातूरकडील वाचक हंसतील. थर्माकोलचे तक्ते आणि इपॉक्सी नांवाची राळ यांपासून सर्फबोर्ड, म्हणजे लाटेवर स्वार होण्याची फळी, घरच्या घरीं तयार करणें हा तो उद्योग होय. या मुलखापासून समुद्र कोठच्या कोठें दूर! लातूर शहराला तर २०१६ सालच्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें. अशा ठिकाणीं तरंगण्याची फळी घेऊन करावयाचें काय, असें कोणीहि विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर आम्हीं लेखाच्या उत्तरार्धांत देणार आहों. तत्पूर्वीं ती वस्तु काय आहे व कशी करावी हें पाहूं.

तरण्यासाठीं हलकी वस्तु जवळ करणें हें आपल्याकडे मुळींच नवीन नाहीं. गोदावरी, मांजरा, मन्याड यांच्या कांठचीं किती तरी जुनीं माणसें पाठीला वाळलेला भोपळा किंवा तोंड डाख देऊन बंद केलेला पत्र्याचा डबा बांधून पोहावयास शिकलीं. दोन भोपळे किंवा दोन ओंडके एकत्र बांधून जी तरण्याची जोडी करतात तिला सांगड म्हणतात. एकटा भोपळा गिरकी घेतो, दोन जोडले म्हणजे स्थिर राहतात. दोन गोष्टींची सांगड घालणें हा आपल्या रोजच्या बोलण्यांतला वाक्प्रचार त्या जोडीचीच आठवण देतो. पूर आला म्हणजे गुऱ्हाळाच्या काहिलींत बसवून माणसें पैलतीरीं नेल्याचीं उदाहरणेंहि आपल्याकडे थोडीं नाहींत.

लाटेवरची फळी ही मात्र पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांची विद्या. १७७९ सालीं कॅप्टन कुकच्या सफरींतील जेम्स किंग या अधिकाऱ्यानें तेथील लोकांचा हा खेळ पाहून त्याचें वर्णन लिहून ठेविलें. तेथील सरदारांच्या लांबच लांब फळ्या विलिविलि नांवाच्या अत्यंत हलक्या लाकडाच्या असत. हा विलिविलि म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा भाऊबंद होय. वनस्पतिशास्त्र या दोघांना एरिथ्रायना या एकाच गोतांत घालतें. आपल्या रानांत तांबड्या भडक फुलांनीं लक्ष वेधून घेणारा, पण ज्याच्या लाकडाला सुतार फारशी किंमत देत नाहीं, त्या पांगाऱ्याच्या नातलगानें सातासमुद्रांपलीकडे असा मान मिळविला आहे.

लाकडाच्या जागीं फेंस आला तो अलीकडे. १९३२ सालीं टॉम ब्लेक या अमेरिकन गृहस्थानें आंतून पोकळ असलेल्या फळीचा परवाना मिळविला. १९४२ सालीं अमेरिकेच्या तटरक्षक दलानें पॉलिस्टायरीनच्या फेंसाचा उपयोग सहा माणसांच्या जीवरक्षक तराफ्यासाठीं केला. आज आपण ज्या वस्तूला थर्माकोल म्हणतों आणि गच्चीवर उष्णता अडविण्यासाठीं घालतों, ती याच घराण्यांतली. इपॉक्सी राळ १९४६ सालीं स्वित्झर्लंडमध्यें अॅरल्डाइट या नांवानें बाजारांत आली. पुढें अमेरिकेंत दुसऱ्या एका प्रकारच्या फेंसाचे तयार ठोकळे मिळूं लागले व त्यांवरच बहुतेक कारागीर विसंबले. २००५ च्या डिसेंबरांत हे ठोकळे पुरविणारा क्लार्क फोम हा सर्वांत मोठा कारखाना एका दिवसांत बंद झाला. तेव्हां पुष्कळांनीं थर्माकोल व इपॉक्सी यांच्याकडे मोर्चा वळविला. घरीं फळी करणाऱ्यांना हीच जोडी सर्वांत सोयीची आहे.

आतां या जोडीचें मर्म काय तें पाहूं. त्यासाठीं आपल्या ज्वारीच्या ताटाकडे पाहावें. ताटाचा आंतील भेंडा बोटानें चुरगळतो. वरची साल पातळ, पण चिवट असते. ही साल त्या हलक्या भेंड्याभोंवतीं घट्ट चिकटलेली असते म्हणून ताट पुरुषभर उंच वाढून कणसाचा भार वाऱ्यांत तोलून धरतें. फळीची रचना नेमकी तीच आहे. थर्माकोल हा भेंडा. त्यांत सुमारें ९८ टक्के हवा. राळेंत भिजवून चिकटविलेलें कांचेच्या धाग्यांचें कापड ही साल. फळी वांकूं लागली म्हणजे एका बाजूची साल ताणली जाते, दुसऱ्या बाजूची दाबली जाते, आणि मधला फेंस त्या दोहोंना एकमेकींपासून दूर धरून ठेवतो. हें अंतर दुप्पट केलें तर फळीचा ताठरपणा सुमारें चौपट होतो. साल नसलेला थर्माकोलचा तक्ता मात्र तरंगतो तितक्याच सहजतेनें मोडतोहि. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

साहित्य आणतांना एक चूक हटकून होते. फायबरचें काम करणाऱ्यांकडे सामान्यतः जी राळ मिळते ती पॉलिएस्टर राळ असते. तिच्यांत स्टायरीन असतें व तें थर्माकोलला साखर विरघळावी तसें खाऊन टाकतें. तीच गोष्ट पेट्रोलची व रंगांत घालावयाच्या थिनरची. यासाठीं इपॉक्सीच मागून घ्यावी, आणि कोणतीहि नवी राळ, गोंद किंवा रंग प्रथम थर्माकोलच्या तुकड्यावर लावून एक दिवस वाट पाहावी. थर्माकोलहि सजावटीचा भुसभुशीत घेऊं नये. सजावटीच्या थर्माकोलावर आपल्या राज्यांत २०१८ सालीं बंदीच आली आहे. बांधकामांत उष्णतारोधासाठीं वापरतात तो घट्ट दाण्याचा, घनमीटरला सुमारें वीस किलो किंवा थोडा अधिक वजनाचा तक्ता घ्यावा.

कामाचे दोन भाग पाडावेत. घडणीचा भाग उन्हाळ्याच्या सुटींत व राळेचा भाग दिवाळीच्या सुटींत करावा. कारण असें कीं, आमच्या मराठवाड्यांत वैशाखांत पारा चाळिसाच्या वर जातो आणि अशा उन्हांत राळ भांड्यांतल्या भांड्यांतच तापून घट्ट होऊं लागते. पावसाळ्यांत हवेंतील दमटपणामुळें तिच्यावर तेलकट साय धरते. दिवाळीच्या सुमाराचे कोरडे, मध्यम उबेचे दिवस तिला मानवतात.

घडणीसाठीं तक्ते एकमेकांस चिकटवून आठ फूट लांब, दोन फूट रुंद व चार इंच जाड असा ठोकळा करावा. मधोमध लांबीच्या दिशेनें सागवानी पट्टी किंवा प्लायवुडचा कणा बसवावा. फळीचा आकार कागदावर पुरा काढूं नये. अर्धाच काढावा, तो कापून कण्याच्या एका बाजूस ठेवून रेघ मारावी व उलटा करून दुसऱ्या बाजूस मारावी, म्हणजे दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या येतात. कापण्यासाठीं बारीक दांत्यांची करवत पुरे. तापलेल्या तारेनें काप सुबक येतो, पण त्या वेळीं निघणारा धूर घातक असल्यानें तें काम उघड्यावर व मोठ्यांच्या हातूनच व्हावें. पुढचें टोक किंचित् वर उचललेलें असावें, कडा गोल असाव्यात. शेवटीं लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या पॉलिश कागदानें सर्व अंग सारखें करावें. या वेळीं उडणारे पांढरे दाणे वाऱ्यानें गोठ्यांत, नालींत व नदींत जातात. म्हणून काम खोलींत करून केर पोत्यांत भरावा. तो जाळूं तर मुळींच नये.

राळेचें काम सावलींत, दुपार कलल्यावर सुरू करावें. याचें कारण मुलांना विचारण्यासारखें आहे. सकाळीं ऊन चढत असतां फेंसांतील हवा फुगते व ओल्या राळेंतून बुडबुडे काढते. सायंकाळीं हवा आकुंचन पावत असल्यानें राळ उलट आंत ओढली जाते. खांच-खळगे अगोदर राळेंत मायक्रोबलून नांवाची पोकळ कांचमण्यांची भुकटी कालवून भरून घ्यावेत. राळेचे दोन घटक बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणांतच, तराजूवर तोलून, मिसळावेत. दुसरा घटक वाढविला म्हणजे राळ लवकर वाळेल ही समजूत खोटी. तसें केल्यास ती कायमची चिकट राहते. मिश्रण खोल भांड्यांत राहूं न देतां पसरट ताटांत ओतावें, नाहीं तर स्वतःच्या उष्णतेनें तें धुमसूं लागतें. फळीवर कांचेचें कापड कोरडेंच पसरावें, वर राळ ओतावी व रबरी पट्टीनें मधून कडांकडे सारावी. कापड पारदर्शक दिसूं लागलें म्हणजे पुरे. अधिक राळ म्हणजे नुसतें वजन. खालच्या बाजूस एक थर व वरच्या बाजूस दोन थर, कडांवर दोन्हींची घडी एकमेकींवर येईल असे द्यावेत. हातांत रबरी मोजे असल्यावांचून कोणीहि राळेला हात लावूं नये. इपॉक्सीनें कांहींच्या कातडीला जी खाज व पुरळ सुरू होते ती पुढें दर वेळीं उलटते. घांसतांना नाकातोंडावर धुळीचा मुखवटा हवाच. फळीचा रंग पांढरा ठेवावा. काळी किंवा गडद फळी आमच्या उन्हांत इतकी तापते कीं आंतला फेंस मऊ पडून साल सुटते.

हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. आठ फूट गुणिलें दोन फूट गुणिलें चार इंच हें माप सुमारें दीडशें लिटर भरतें. कोपरे उडवून व टोकें निमुळतीं करून सुमारें शंभर लिटर उरतात. फळी पुरी बुडाली तर शंभर लिटर, म्हणजेच शंभर किलो पाणी बाजूला सारील. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणें तितकाच भार ती उचलील. फेंसाचें वजन दोन किलोच्या आसपास. कणा, कापड व राळ धरून सारी फळी सात-आठ किलोंची होते. बाकी राहिले नव्वदांवर किलो. एका माणसाला तें पुष्कळ झाले. पण मनुष्य फळीवर उभा राहतो तेव्हां त्याचा भार उंच जातो व ती उलटूं पाहते. पालथें झोपून हातांनीं वल्हवलें म्हणजे ती निमूट चालते. फळी तयार झाल्यावर तोलून ठेवावी, मग रात्रभर हौदांत दगडाखालीं दाबून पुन्हा पुसून तोलावी. वजन वाढलें असेल तर कोठें तरी भोंक आहे असें समजावें. शाळेंतल्या पुस्तकांतील तरण्याचा नियम असा हातांखालून गेला कीं जन्मभर विसरत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. लाटा नाहींत तेथें ही फळी कशाला?

आमचें उत्तर असें कीं, या मुलखांत लाटा नसल्या तरी पाणी आहे, आणि तें पूर्वीं नव्हतें तेथें आलें आहे. नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा जलाशय झाला. लातूरला पाणी देणारें मांजरा धरण धनेगांवीं झालें. परंतु याहून मोठा फरक शेतांत झाला आहे. २०१६ सालीं राज्य सरकारनें मागेल त्याला शेततळें ही योजना काढली आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेलीं तळीं गांवोगांवीं दिसूं लागलीं. दुष्काळी मुलखाला हें वरदानच आहे. पण जुन्या विहिरीला पायऱ्या असत, कोनाडे असत, कठड्याला लोंबती मुळी तरी असे. शेततळ्याच्या उतरणीवर गुळगुळीत कागद, त्यावर शेवाळ. पाय घसरून पडलेला मनुष्य कांठापासून हातभर अंतरावर असला तरी त्याला वर चढतां येत नाहीं. धरावयास कांहींच नसतें. पोहतां येणारे गडीसुद्धां तेथें दमून बुडतात, मग खेळतां खेळतां गेलेल्या लेंकरांची कथा काय?

इकडे पाणी वाढलें असतां तिकडे पोहण्याची विद्या मात्र घराघरांतून चालली आहे. दुष्काळाच्या वर्षीं विहिरी कोरड्या, नदींत वाळू. मुलें शिकणार कोठें? आणि ज्या वर्षीं पाणी असतें त्या वर्षीं आम्हीं वडील मंडळी, तिकडे फिरकूं नका, असें सांगून आपलें कर्तव्य झालें असें मानतों. मुलींच्या बाबतींत तर हा विचारहि आम्हांस शिवत नाहीं. आजी-पणजीच्या काळीं नदीकांठच्या मुली घाटावर आपोआप शिकत. आज त्यांच्या पणत्या पदव्या घेतात, पण कमरेइतक्या पाण्यांत भितात. ज्याला भय वाटतें तो पाण्यापासून दूर राहतो हें खरें नाहीं; त्याच्यावर पाण्यांत पडण्याची वेळ येते तेव्हां तो अधिक लवकर बुडतो, एवढेंच खरें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, उन्हाळ्यांत फळीची घडण सुरू व्हावी आणि त्याच दिवशीं घरांतील प्रत्येक मुलाला व मुलीला पोहण्याच्या तलावावर किंवा पायऱ्यांच्या विहिरीवर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं, शिकावयास घालावें. दिवाळीपर्यंत फळी होते आणि तेवढ्या अवधींत पोहणेंहि येतें. ज्याला फळीवांचून पाण्यावर निदान दहा मिनिटें राहतां येत नाहीं त्याच्या हातीं फळी देऊं नये, असा घरांत नियम असावा. फळीचा लोभ पोहण्याकडे ओढील व पोहणें फळीला निर्धोक करील; सांगड म्हणतात ती हीच.

फळी पाण्यावर न्यावयाची ती पावसाळा सरल्यावर, साठलेल्या शांत पाण्यावर, तेथील अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन. विष्णुपुरीचे दरवाजे उघडतात त्या दिवसांत गोदेच्या पात्राकडे पाहूंहि नये. अंगांत जीवरक्षक जाकीट, घोट्याला फळीची दोरी आणि कांठावर एक पोहणारा मनुष्य, या तीन गोष्टींवांचून कोणीहि उतरूं नये. वारा कांठाकडून पाण्याकडे वाहत असेल तर त्या दिवशीं फळी घरींच राहूं द्यावी. हलकी फळी वाऱ्यापुढें पानासारखी जाते आणि परत येतांना दंडांतलें बळ संपतें.

येथें मघांचें तें वाक्य आम्हीं वाचकांना पुन्हा आठवून देतों. २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील, गंगापूर तालुक्याच्या भिव धानोरा गांवचीं मुलें जायकवाडीच्या फुगवट्याचें पाणी थर्माकोलच्या उघड्या तक्त्यांवर बसून, हातांनीं वल्हवून ओलांडीत व शाळेला जात, ही बातमी वर्तमानपत्रांतून आली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें स्वतः होऊन तिची दखल घेतली. जें आमच्या मुलांना सुटींतलें कौतुक, तें त्या मुलांना रोजची वाट होती. आणि तक्त्यांना सालहि नव्हती. हें वाचून कोणी म्हणेल कीं, त्यांना ही राळेची फळी करून द्यावी. आम्हांस तें मान्य नाहीं. शाळेच्या वाटेवर पाणी आडवें आलें असेल तर तेथें पूल हवा किंवा माणूस नेमलेली नांव हवी. फळी कितीहि उत्तम झाली तरी ती पोहणाऱ्याचें खेळणें व शिकणाऱ्याचें साधन आहे. दप्तर घेतलेल्या लेंकराचें वाहन नव्हे. घरच्या कारागिरीचा अभिमान धरतांना तिची मर्यादाहि मुलांना याच उदाहरणावरून दाखवावी.

शेवटीं एक छोटें काम. फळी झाल्यावर थर्माकोलचे तुकडे, कापडाचे पट्टे व थोडी राळ उरतेच. त्यांतून दीड फुटाचा एक चौकोनी तरंगा करावा, कडा चांगल्या गोल कराव्यात, त्याला पन्नास फूट सुताची दोरी ओवावी आणि आपल्या शेततळ्याच्या कांठीं खुंटीला टांगून ठेवावा. तळ्याच्या चारी उतरणींवर हातभर अंतरानें गांठी मारलेले दोर सोडावेत व त्यांचीं वरचीं टोकें बाहेर पक्क्या खांबांना बांधावींत. गड्यांना, त्यांच्या बायकांना व मुलांना, तसेंच स्वतःच्या घरांतील सर्वांना बजावून सांगावें कीं, कोणी पडलें तर मागोमाग उडी टाकूं नये. एकाच्या जागीं दोघे जातात तें याच घाईमुळें. आधीं तरंगा फेकावा, दोर द्यावा. कांहींच नसेल तर लुगड्याचें किंवा धोतराचें टोक टाकावें, आणि स्वतः कांठावर पालथें पडून ओढावें. ज्यांच्या शेतांत तळें आहे त्यांनीं फळी केली नाहीं तरी चालेल. हा तरंगा व हे दोर मात्र पुढल्या पावसाच्या आंत बांधून घ्यावेत.